दोनशे वीस ओहम

फळ्यावर मला इस्त्री लिहायची होती. चौतीस वर्षं मी इस्त्रीच लिहीत आलो आहे. एकशे दहा व्होल्टची, साडेपाचशे वॅटची इस्त्री. तिच्यातून करंट किती जाईल, तिचा रोध किती, आणि तीच इस्त्री कुणी दोनशे वीसच्या सॉकेटात खोचली तर ती किती वॅट खाईल. फिलिपिन्सच्या डोंगरातल्या आमच्या बागिओत हे गणित पोटापाण्याचं आहे. अमेरिकनांच्या वेळेपासून इथल्या कितीतरी घरांत दोन्ही तऱ्हेची वीज असते, शेजारी शेजारी दोन सॉकेटं असतात आणि दोघांची भोकं हुबेहूब सारखी असतात, म्हणून ओळखायला एकाला रंग लावतात. पण त्या सकाळी हाताने इस्त्री लिहिलीच नाही. खडू खाली ठेवून मी मागे सरकलो तेव्हा दिसलं, मी लिहिलं होतं : ‘शेकायचं पॅड, ११० व्होल्ट, ५५ वॅट.’ अक्षर माझंच, नेहमीचं, डावीकडे कललेलं. मुलांनी उतरवूनही घेतलं होतं. आता पुसलं असतं तर त्यांनी का म्हणून विचारलं असतं, म्हणून मी ते तसंच राहू दिलं.

दुसऱ्या बाकावरच्या रोविनाने सवयीप्रमाणे हात वर न करताच उत्तर दिलं. व्होल्ट दुप्पट, तर वॅट दुप्पट. एकशे दहा वॅट. चौतीस वर्षांत पहिलं उत्तर नेहमी हेच आलं आहे. एरवी मी म्हणतो, बाई, तू दुरुस्तीचं दुकान काढ, म्हणजे मला म्हातारपणी आगी विझवायचं काम मिळेल. त्या दिवशी तेही बोलवेना. मी नुसता आकडे मांडत गेलो. पंचावन्नाला एकशे दहाने भागा, अर्धा अँपिअर. एकशे दहाला अर्ध्याने भागा, दोनशे वीस ओहम. हा त्या तारेचा रोध. सॉकेट बदललं म्हणून तार बदलत नाही, तिचा रोध तोच राहतो. आता दोनशे वीस व्होल्टला दोनशे वीस ओहमने भागा, पुरा एक अँपिअर. म्हणजे दाब दुप्पट झाला तसा करंटही दुप्पट झाला, आणि वॅट म्हणजे दोघांचा गुणाकार. दोनशे वीस वॅट. दुप्पट नाही, चौपट. रोविनाने मान हलवली आणि वहीत खोडाखोड केली. मग म्हणाली, “पण सर, रंग लावलेला असताना चुकीच्या सॉकेटात लावेल कोण?” मागून कुणीतरी म्हणालं, म्हातारी माणसं. वर्ग हसला. वाईट हसणं नव्हतं ते, ज्याच्या त्याच्या घरात एक आजी असते तसलं. मी तास दहा मिनिटं आधी सोडला.

हाताने पॅड का लिहिलं ते मला कळत होतं. सकाळी कॉफी पीत असताना फेलिसा वर आली होती. फेलिसा माझ्या बायकोची, अडेल्फाची, थोरली बहीण, खालच्या मजल्यावर एकटी राहते, आणि तीस वर्षं माझ्या कॉफीत साखर जास्त असते हे मला रोज सांगत आली होती. त्या दिवशी साखरेचं नाव काढलं नाही. दारातच उभी राहून म्हणाली, “तेओ, अडेल्फा आली होती. थंडी वाजतेय म्हणाली.” मी म्हणालो, स्वप्नच ते. ती म्हणाली, मग मी काय जीपनीत, शेजारच्या सीटवर भेटली म्हणतेय का? आमच्या डोंगरात मेलेलं माणूस स्वप्नात येऊन थंडी वाजते म्हणालं की त्यावर चर्चा करत नाहीत. थडगं उघडायचं, अस्थींवर नवं पांघरूण घालायचं, डुक्कर कापायचं, नातेवाइकांना जेवू घालायचं. चर्चमध्ये जाणारेही करतात, वीज शिकवणारेही करतात. फेलिसाने शनिवार ठरवूनच टाकला होता, मंत्र म्हणणाऱ्या आजोबांना, आपो काम्दासना, निरोपही गेला होता. पांघरूण नवऱ्याने घालायचं असतं. मला फक्त मिंडाला फोन करायचा होता, कारण लेकीला विचारल्याशिवाय आईचं थडगं उघडत नाहीत. जाताना फेलिसा जिन्यावर थांबली आणि म्हणाली, “बिचारी. भाजून मेली आणि थंडी वाजते म्हणते. तिकडेही डोक्याचा गोंधळच चाललाय बघ तिचा.” आणि पदराआडून हसावं तसं हाताआडून हसली, आणि मग डोळे पुसले.

डोक्याचा गोंधळ. हा शब्द तिला मीच दिला होता, तीन वर्षांपूर्वी, दवाखान्याच्या बाकावर. शाळेतून उताराने घरी येताना हा शब्द माझ्यासोबत चालत होता. धुकं इतकं खाली होतं की समोरून येणाऱ्या जीपनीचा आधी फक्त हॉर्न यायचा. मी कठड्याला धरून उभा राहिलो. अडेल्फाचं डोकं माझ्यापेक्षा चांगलं होतं. मी तिला भेटलो तेव्हा ती बाजारात फ्लॉवर विकायची आणि सात गिऱ्हाइकांचे हिशेब एकदम डोक्यात ठेवायची. लग्नानंतर रात्री जेवताना मी तिला शाळेतली गणितं घालायचो, गंमत म्हणून. इस्त्रीचं गणित ऐकून ती पहिल्याच फटक्यात चौपट म्हणाली होती. मी विचारलं, कसं काय? ती म्हणाली, अरे, ढकलणारा दुप्पट जोराचा आणि गर्दीही दुप्पट, मग चेंगराचेंगरी चौपट नाही का होणार? मी ते वाक्य पुढे वर्गात वापरलं, स्वतःचं म्हणून. हिच्या डोक्यात गोंधळ होता, असं मी लोकांना सांगितलं आहे.

झालं ते असं. आमच्या निजायच्या खोलीत दोन सॉकेटं होती, एक पांढरं, एक लाल. पांढऱ्यात दोनशे वीस, लालात एकशे दहा. लालाला वीज देणारा एक छोटा ट्रान्सफॉर्मर भिंतीवरच्या खोक्यात होता. लाल रंग माझ्या वडिलांच्या वेळचा; आमच्या घरात मूल बोलायला लागलं की आग, सुरी आणि लाल एवढे तीन शब्द आधी शिकवले जायचे. तो ट्रान्सफॉर्मर एका पावसाळ्यात जळला. एकशे दहावर चालणारी आमच्याकडे एकही वस्तू उरली नव्हती, आणि मला ड्रिल लावायला जागा हवी होती, म्हणून मी खोका बाजूला काढला आणि लाल सॉकेट सरळ दोनशे वीसला जोडून टाकलं. पाच मिनिटांचं काम. रंग तेवढा बदलायचा राहिला. डबा उघडला तर पांढरा रंग वाळून त्याची भाकरी झालेली. उद्या आणू म्हटलं. हा उद्या दोन महिने चालला. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असा असतो. शाळेतल्या सॉकेटावर चिठ्ठी नसली तर मी पोरांना दिवसभर बाहेर उभं करायचो. आणि अडेल्फाला सांगितलंही नाही. लपवलं नव्हतं, नुसतं सांगायचं सुचलं नाही. ते लाल सॉकेट वापरतंय कोण, असं मला वाटलं.

मग मिंडाचा खोका आला. मिंडा कॅलिफोर्नियात म्हाताऱ्यांच्या आश्रमात काम करते, दर वर्षी घरी एक मोठा खोका पाठवायची. साबण, डबाबंद मांस, कुणाकुणाचे बूट, आणि त्या वर्षी आईच्या गुडघ्यांसाठी शेकायचं पॅड. आमची थंडी गुडघ्यात शिरते. पॅडवर तिने चिकटपट्टी लावून जाड पेनाने लिहिलं होतं, ‘नानांग, फक्त लाल.’ आमच्याकडे आईला नानांग म्हणतात, बापाला तातांग. ती या घरात वाढली होती, तिला लाल म्हणजे काय ते ठाऊक होतं. खोका मी शाळेत असताना आला. अडेल्फाने तो फेलिसासोबत उघडला, पॅड घेऊन वर गेली, गुडघ्यांवर ठेवलं, वरून गोधडी ओढली आणि तिचा डोळा लागला. असल्या पॅडला फार तापलं की वीज तोडणारी कळ असते, पण ती एकशे दहासाठी बनवलेली. दुप्पट दाबाला ती चिकटून बसली असणार. पंचावन्न वॅटने गुडघे शेकतात. दोनशे वीस वॅट गोधडीच्या आत कोंडले की काय होतं ते मी आकड्यांत सांगू शकतो आणि सांगणार नाही. फेलिसाला धुराचा वास आला. ती धावत वर गेली, तिने तारेला हिसडा मारून पॅड ओढून काढलं, पाणी ओतलं. पिन कुठल्या सॉकेटातून निघाली ते तिने पाहिलं नाही. कोण पाहील?

मी दवाखान्यात पोचलो तेव्हा अडेल्फा आत होती. फेलिसा बाकावर बसली होती, तिच्या हातांना फोड आले होते. तिने विचारलं, असं कसं झालं, तेओ? तुला कळतं ना त्यातलं? आणि मी, ज्याने अजून घरही पाहिलं नव्हतं, पण ज्याला त्या क्षणी लखलखीत कळलं होतं, मी म्हणालो, “चुकीच्या सॉकेटात लावलं असणार तिने. हल्ली डोक्याचा जरा गोंधळ होतो.” हे मी ठरवून बोललो नाही. पण बोलल्यावर सुटल्यासारखं वाटलं, हे खरं आहे. संध्याकाळी कपडे आणायला घरी आलो. खोलीत ओल्या राखेचा वास होता आणि रेडिओ चालू होता, हळू आवाजात, कुणीतरी भाज्यांचे भाव सांगत होतं. रेडिओची पिन पांढऱ्या सॉकेटात तशीच होती. म्हणजे पॅड लालातच होतं, शंकेलाही जागा नव्हती. मी तिचा स्वेटर घेतला, चपला घेतल्या, आणि मग खालच्या हार्डवेअरच्या दुकानात जाऊन पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन आलो. बायको दवाखान्यात असताना मी भिंतीपाशी गुडघ्यांवर बसून सॉकेट रंगवलं. दोन हात दिले, कारण लाल आतून दिसत होतं. पुढे लोकांना सांगितलं, पुन्हा कुणाची चूक व्हायला नको म्हणून मी एकशे दहा बंदच करून टाकलं. सगळे म्हणाले, शहाणा माणूस आहे.

अडेल्फा एकोणीस दिवस जगली. दहाव्या की अकराव्या दिवशी तिला चांगली शुद्ध होती. मी तिला चमच्याने भाताची पेज देत होतो. तिने मान बाजूला केली आणि म्हणाली, “तेओ, मी लालच लावलं होतं ना?” तिच्या विचारण्यात आरोप नव्हता. गल्ल्यात पैसे कमी भरले की जशी पुन्हा मोजायची तसं ती तो दिवस पुन्हा मोजत होती. खोलीत आम्ही दोघंच होतो. ऐकणारं कुणी नव्हतं, वाचवण्यासारखी माझी कुठली अब्रूही तिथे नव्हती. मी चमचा वाटीत बुडवला आणि म्हणालो, “नाही गं. पांढऱ्यात होती पिन.” तिने छताकडे पाहिलं. मग म्हणाली, “मग म्हातारी झाले म्हणायची.” आणि उरलेली पेज तिने मुकाट्याने खाल्ली. त्या दिवसानंतर ती नर्सला तारीख विचारायला लागली, आपलं नाव बरोबर सांगते का ते आम्हाला विचारायला लागली. आठ दिवस ती स्वतःच्या डोक्यावर पहारा देत होती. मला दुसरं सगळं सहन करता येतं, हे येत नाही.

मिंडाला मी का सांगितलं नाही, याचं उत्तर मी तीन वर्षांत चांगलं घोटून ठेवलं होतं. ‘फक्त लाल’ हे तिने लिहिलं होतं. लाल हेच खोटं होतं असं सांगितलं, तर आईला तिथे पाठवणारं अक्षर तिचंच ठरतं. आई चुकली असं मानून ती नुसती चिडली असती. खरं कळून ती मोडली असती. बापाने एवढं तरी झेलावं. हे उत्तर इतकं चांगलं होतं की मला त्याचा कधी अभिमानही वाटायचा. पण खाई त्याला खवखवे. मिंडा फोनवर आईचं नाव निघालं की दर वेळी एकच बोलायची, मी एवढं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, तिने वाचायला नको? नानांग माझं कधीच ऐकायची नाही. आणि मी दर वेळी म्हणायचो, जाऊ दे बाळ. तीन वर्षांत एकही खोका आला नाही, तीही आली नाही.

दुपारी बाराला मी फोन लावला. तिकडे रात्रीचे नऊ, तिची पाळी नुकती सुटलेली. मी मावशीचं स्वप्न सांगितलं. मिंडा हसली नाही, तिकडे राहूनही तिने हे सोडलेलं नाही. डुकराचं विचारलं, आपो काम्दास अजून चालतात का ते विचारलं. मग म्हणाली, पांघरूण मी पाठवलं असतं, पण घरी काही पाठवायचं म्हटलं की माझे हात गार पडतात. आणि मग तेच, नेहमीचं, “मी लाल लिहिलं होतं, तातांग. तिने वाचायला नको?”

जाऊ दे बाळ हे तोंडाशी आलं होतं. फळ्यावरचं ते अक्षर डोळ्यांपुढे आलं, आणि मागच्या बाकावरचा तो आवाज, म्हातारी माणसं. मी म्हणालो, “तिने वाचलं होतं.”

“काय?”

“तिने वाचलं होतं, मिंडा. पिन लालातच होती. लालात दोनशे वीस मी जोडले होते. दोन महिने आधी. रंग बदलायचा राहिला.”

ती म्हणाली, म्हणजे मी लाल लिहिलं नसतं तर. आणि थांबली. ज्याला मी तीन वर्षं घाबरत होतो ते हेच वाक्य होतं. मी म्हणालो, तुझं लाल बरोबर होतं. ते खोटं मी केलं. ती रडत होती, पण मला वाटलं होतं तशी मोडली नाही. मधेच तिने म्हटलं, नानांगने माझं ऐकलं होतं. दोनदा म्हटलं. दुसऱ्यांदा म्हणताना ती जवळजवळ लहान मुलीसारखी बोलली, आणि मला समजलं की मी तिच्यापासून नुसतं वाईट लपवलं नव्हतं, हेही लपवलं होतं. आई शेवटी आपलं ऐकत नव्हती, या रागात मी तिला तीन वर्षं ठेवलं होतं.

मग तिने विचारलं, “नानांगला माहीत होतं? की तिची चूक नव्हती म्हणून?”

इथे हो म्हणता आलं असतं. साक्षीदार कुणी नव्हता. मी भिंतीकडे पाहिलं, दोन पांढरी सॉकेटं होती. “नाही,” मी म्हणालो. “तिने मला विचारलं होतं. मी पांढऱ्यात म्हणून सांगितलं. तिने ते खरं मानलं.”

मिंडाचा आवाज आला तो कोरडा होता, आश्रमातल्या म्हाताऱ्यांशी बोलताना असेल तसा. “शनिवारी सांग तिला. मावशीसमोर, सगळ्यांसमोर. त्याआधी पांघरुणाला हात लावू नकोस.” आणि तिने फोन ठेवला.

शनिवारी सकाळी अंगणात पंधरावीस माणसं होती. अडेल्फाचं थडगं घरामागेच आहे, सिमेंटचं, चायोटेच्या वेलाच्या मांडवाला लागून. फेलिसाच्या पुतण्यांनी झाकण सरकवलं. आत जुन्या पांघरुणात बांधलेलं गाठोडं होतं, वाटलं होतं त्यापेक्षा फार लहान. आपो काम्दासनी भाताच्या दारूचा पेला जमिनीवर ओतला, पुटपुटले, आणि नवं पांघरूण माझ्या हातात दिलं. जाड होतं, पांढऱ्यावर काळे पट्टे. सगळे माझ्याकडे पाहत होते. मी पांघरूण थडग्याच्या कठड्यावर ठेवलं. आपोंना वाटलं मला चक्कर येतेय, त्यांनी माझा दंड धरला.

मी म्हणालो, “अडेल्फा, तू लालच लावलं होतंस.” मागच्यांना ऐकू जावं म्हणून पुन्हा म्हणालो. मग बाकीचं सगळं सांगितलं, तिलाच, गाठोड्याकडे बघत. ट्रान्सफॉर्मर, ड्रिल, वाळलेला रंग, नवा डबा, पेजेची वाटी. कमीजास्त काही केलं नाही. तुझं डोकं शेवटपर्यंत धड होतं, म्हणालो. मागे चुलीवर पाणी उकळत होतं.

बोलणं संपल्यावर मी पांघरुणाकडे वळलो. ते कठड्यावर नव्हतं. फेलिसाने उचललं होतं. तिच्या हातांवर अजून त्या दिवसाचे डाग आहेत, गुळगुळीत, गुलाबी. ती माझ्याशेजारून पुढे गेली, माझ्याकडे बघितलंही नाही. वाकून तिने पांघरूण गाठोड्यावर घातलं, चारही कडा नीट आत खोचल्या, जसं लहान बहिणीला निजवताना करतात तसं, आणि तसंच वाकून राहून म्हणाली, “ऐकलंस ना गं? तू बरोबर होतीस.”

मग पुतण्यांनी झाकण सरकवलं. बायका भात वाढायला गेल्या, पुरुष चुलीकडे गेले. माझ्याशी कुणी बोललं नाही. दुपारी माणसं पांगल्यावर मी वर जाऊन कॉफी केली, आणि खालून जिना चढून ती कमी गोड कर म्हणायला कुणी आलं नाही. अजूनही येत नाही.